विश्लेषण : मुंबईसाठी अर्थमंत्रिपद सोडणारे चिंतामणराव देशमुख… सनदी अधिकारी ते कुलाब्याचे खासदार हा प्रवास कसा झाला?

रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर कोण, हा प्रश्न स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणाऱ्यांना पाठ असतो. उत्तर एका ओळीचे आहे : चिंतामण द्वारकानाथ देशमुख. मात्र उमेदीची तीस वर्षे फायली, ताळेबंद आणि टिपणे यांत घालवलेला हा माणूस पन्नाशी उलटल्यावर संसदेत गेला. त्याने सहा वर्षे देशाचे अर्थखाते सांभाळले आणि १९५६ मध्ये मुंबईच्या प्रश्नावर पंतप्रधानांशी मतभेद झाल्यावर ते सोडून दिले. तो राजीनामा महाराष्ट्राला आठवतो तो भावनेमुळे. त्यामागचे दुसरे कारण आज फारसे कोणाच्या लक्षात नाही.

रोह्याचा विद्यार्थी सनदी सेवेत कसा गेला?

देशमुखांचा जन्म १४ जानेवारी १८९६ रोजी महाडजवळच्या नाते या गावी झाला. वडील रोह्याला वकिली करत. शिक्षण रोहे, तळे आणि मग मुंबईत एल्फिन्स्टन हायस्कुलात झाले. १९१२ च्या मॅट्रिक परीक्षेत ते मुंबई विद्यापीठात पहिले आले आणि संस्कृतसाठीची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांनी मिळवली. त्या काळात ही शिष्यवृत्ती म्हणजे घराण्याने पुढच्या पिढ्यांना सांगत राहावी अशी गोष्ट होती. संस्कृतचा हा हुशार विद्यार्थी केंब्रिजला मात्र निसर्गविज्ञान शिकला. वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र आणि भूगर्भशास्त्र हे त्याचे विषय, आणि वनस्पतिशास्त्रातले पारितोषिकही त्याच्याकडेच आले. १९१८ मध्ये लंडनला झालेल्या आयसीएस परीक्षेत देशमुख पहिले आले.

नोकरीवर रुजू होण्यापूर्वी लंडनमध्ये लोकमान्य टिळकांची आणि आपली भेट झाल्याची आठवण देशमुखांनी पुढे सांगितली आहे. सरकारी नोकरी सोडून राष्ट्रकार्यात यावे काय, हा त्यांचा प्रश्न होता. टिळकांनी त्यांना नोकरी करण्याचाच सल्ला दिला. हा अनुभव उद्या स्वराज्यात कामाला येईल, असे टिळकांचे म्हणणे होते. ते खरे ठरायला तीस वर्षे लागली.

नेमणूक मिळाली मध्य प्रांत आणि वऱ्हाडात. जिल्ह्याचा कारभार, जमाबंदीचे काम, मग प्रांत सरकारच्या अर्थखात्याचे सचिवपद, अशा पायऱ्या ते चढत गेले. १९३१ च्या दुसऱ्या गोलमेज परिषदेच्या सचिवालयातही ते होते. म्हणजे गांधीजी ज्या टेबलाशी बसले होते, त्याच सभागृहात देशमुख सरकारी बाजूचे कागद सांभाळत होते. अनेक भारतीय आयसीएस अधिकाऱ्यांची ही अडचण होती, आणि त्यांपैकी बहुतेकांनी ती मुकाट्याने सोसली.

गव्हर्नर म्हणून त्यांनी काय केले?

१९३९ मध्ये त्यांना रिझर्व्ह बँकेत धाडण्यात आले. आधी सरकार आणि बँक यांच्यातला दुवा, मग सचिव, १९४१ च्या अखेरीस डेप्युटी गव्हर्नर. १९४३ मध्ये गव्हर्नर सर जेम्स टेलर यांचे निधन झाले आणि त्याच वर्षी ११ ऑगस्टला देशमुख गव्हर्नर झाले. त्यानंतरच्या नोटांवर सहाव्या जॉर्ज बादशहाचे चित्र आणि रोह्याच्या माणसाची सही अशी जोडी दिसू लागली.

काळ कठीण होता. युद्धामुळे महागाई भडकली होती आणि बंगालमध्ये दुष्काळ पडला होता. भारताने ब्रिटनला पुरवलेल्या मालाचे पैसे पौंडांच्या रूपात लंडनमध्ये साठत चालले होते. स्वातंत्र्याच्या वेळी ही स्टर्लिंग शिल्लक सुमारे ११६ कोटी पौंड होती. कधी काळचा ऋणको देश सावकार झाला होता, पण ते पैसे हातात येतील की नाही याची खात्री नव्हती. १९४४ च्या जुलैमध्ये अमेरिकेत ब्रेटन वुड्स येथे आंतरराष्ट्रीय नाणेनिधी आणि जागतिक बँकेची आखणी झाली, तेव्हा भारताच्या शिष्टमंडळात देशमुख होते. फाळणीनंतर काही महिने एकच रिझर्व्ह बँक दोन देशांची मध्यवर्ती बँक होती. रोकड आणि सोने यांची वाटणी त्यांच्या कारकीर्दीतच झाली. १ जानेवारी १९४९ रोजी बँकेचे राष्ट्रीयीकरण झाले, त्याच वर्षी बँकिंग कंपन्यांवर देखरेखीचा कायदा आला, आणि जूनअखेर ते निवृत्त झाले. तिथे थांबले असते तरी त्यांचे चरित्र पुरे झाले असते.

संसदेत येण्याची वेळ कशी आली?

१९५० मध्ये नियोजन आयोग स्थापन झाला आणि देशमुख त्याचे सदस्य झाले. तत्कालीन अर्थमंत्री जॉन मथाई यांना हा आयोग मंत्रिमंडळाला समांतर सत्ताकेंद्र वाटत होता. त्या वादातून त्यांनी राजीनामा दिला आणि १ जून १९५० रोजी पंडित नेहरूंनी अर्थखाते देशमुखांकडे सोपवले. मंत्रिमंडळाला विचारल्याशिवाय निर्णय होतात अशी भावना झाल्याने एक अर्थमंत्री गेला आणि त्याच्या जागी दुसरा आला. सहा वर्षांनी हा दुसराही जवळपास त्याच तक्रारीवर बाहेर पडणार होता.

मंत्री व्हायचे तर संसदेचे सदस्य व्हावे लागते. हंगामी संसदेत त्यांची सोय झाली. पहिली सार्वत्रिक निवडणूक मात्र टळणार नव्हती. १९५२ मध्ये काँग्रेसच्या तिकिटावर ते आपल्या जन्मजिल्ह्यातून, कुलाब्यातून, लोकसभेवर निवडून आले.

निवडणुकीचे राजकारण हा त्यांचा पिंड नव्हता. जिल्हाही सोपा नव्हता. खोतांविरुद्ध चरीच्या शेतकऱ्यांनी केलेला प्रदीर्घ संप याच भागातला, आणि शेतकरी कामगार पक्षाची मुळे इथे खोल होती. जिल्ह्याचे पोट मुंबईवर चालत असे. घरटी एखादा माणूस तरी गिरणीत, गोदीत किंवा कुणाच्या पेढीवर. तिकडून मनिऑर्डर आली की इकडे वाण्याचा हिशेब मिटे. रेवसच्या धक्क्यावरून लाँच सुटली की समोर मुंबई. मुंबई कोणाची, हा प्रश्न चार वर्षांनी दिल्लीत नकाशावर सोडवायला घेतला गेला, तेव्हा कुलाब्याचा खासदार त्याकडे नुसता नकाशा म्हणून पाहू शकत नव्हता.

कोणते कायदे त्यांच्या नावावर आहेत?

१९५१ ते १९५६ या काळात केंद्राचा अर्थसंकल्प दरवर्षी देशमुखांनी मांडला. पहिली पंचवार्षिक योजना याच वर्षांतली. पण अर्थसंकल्पापेक्षा त्यांच्या काळातले कायदे अधिक टिकले. आज ज्या बँकेत आपले खाते असते किंवा ज्या विम्याचा हप्ता आपण भरतो, त्यांचा उगम शोधत गेले तर तिथे पोहोचता येते.

१९५३ मध्ये इस्टेट ड्यूटीचा, म्हणजे मृत्यूनंतर वारसांकडे जाणाऱ्या मोठ्या मालमत्तेवरील कराचा कायदा आला. रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या ग्रामीण पतपाहणी समितीने खेड्यापाड्यांत शाखा काढणारी सरकारी बँक हवी असे सुचवले होते. या समितीचे अध्यक्ष ए. डी. गोरवाला हेही जुने आयसीएस अधिकारी. त्यातून इम्पीरियल बँकेचे रूपांतर १ जुलै १९५५ रोजी स्टेट बँकेत झाले.

सर्वांत चिकाटीचे काम होते कंपनी कायद्याचे. तेव्हा गिरण्या आणि कारखाने मॅनेजिंग एजन्सी पद्धतीने चालत. भागधारक हजारो, पण कारभार एका घराण्याच्या पेढीकडे, आणि नफ्याचा मोठा वाटाही तिकडेच. या पद्धतीला वेसण घालायची, भागधारकाला हिशेब मिळण्याचा हक्क द्यायचा आणि तरीही उद्योग बंद पडू द्यायचे नाहीत, अशी ही कसरत होती. भाभा समितीच्या अहवालापासून १९५६ मध्ये कायदा अंमलात येईपर्यंत काही वर्षे गेली. ६५८ कलमांचा हा कायदा लोकसभेत तडीस नेण्याची जबाबदारी देशमुखांची होती. कलम, पोटकलम, दुरुस्ती, पुन्हा कलम. गर्दी खेचणारे वक्ते ते नव्हते. या कामाला वक्तृत्व लागतही नव्हते, लागत होती ती कागद वाचलेला असण्याची सवय, आणि ती त्यांच्याइतकी त्या सभागृहात थोड्यांकडेच होती. हा कायदा पुढे २०१३ चा नवा कायदा येईपर्यंत, म्हणजे अर्धशतकाहून अधिक काळ चालला.

याच वर्षांत खासगी आयुष्यातही एक वळण आले. पहिल्या, इंग्रज पत्नी रोझिना १९४९ मध्ये निवर्तल्या होत्या. २२ जानेवारी १९५३ रोजी देशमुखांनी दुर्गाबाईंशी विवाह केला. दुर्गाबाई आंध्रच्या, संविधान सभेच्या सदस्य, मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगात जाऊन आलेल्या. नोंदणी पद्धतीच्या या विवाहाला साक्षीदार म्हणून नेहरू उपस्थित होते. ज्या सरकारने तिला तुरुंगात टाकले त्याच सरकारची त्याने चाकरी केली होती. असे जोडपे त्या वेळच्या दिल्लीतच शोभावे.

जानेवारी १९५६ मध्ये काय घडले?

राज्य पुनर्रचना आयोगाचा अहवाल १९५५ च्या शरदात आला. विदर्भ वेगळा काढून उरलेल्या मराठी भागाचे आणि गुजरातचे मिळून द्विभाषिक राज्य करावे, अशी त्याची शिफारस होती. ती ना मराठी जनतेला रुचली ना गुजरातीला. मग काँग्रेस कार्यकारिणीने तीन राज्यांची कल्पना पुढे आणली : महाराष्ट्र, गुजरात आणि मुंबई शहराचे वेगळे राज्य. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी फ्लोरा फाउंटनजवळ मोर्चावर गोळीबार झाला, पंधरा जण गेले. तोडगा निघावा म्हणून देशमुख महाराष्ट्रातले काँग्रेस नेते आणि दिल्ली यांच्यात बोलणी करत होते.

१६ जानेवारी १९५६ च्या रात्री नेहरूंनी आकाशवाणीवरून जाहीर केले की मुंबई केंद्रशासित होणार. शहर पेटले. त्यानंतरच्या दिवसांत पोलिसांच्या गोळीबारात बळी गेलेल्यांची संख्या नोव्हेंबरपेक्षा किती तरी मोठी होती.

तीन दिवसांनी, १९ जानेवारीला संध्याकाळी, त्याच आकाशवाणीवर देशमुखांचा आवाज आला. विषय होता आयुर्विम्याचा. वटहुकूम काढून सरकारने १५४ भारतीय आणि १६ परदेशी विमा कंपन्या व ७५ भविष्य निर्वाह संस्थांचा कारभार ताब्यात घेतला होता. काही विमा कंपन्यांत पॉलिसीधारकांचे पैसे मालकांच्या इतर धंद्यांत वळवले जात असल्याचे प्रकरण त्याआधी फिरोज गांधींनी लोकसभेत मांडले होते. बातमी फुटली असती तर मालकांना रातोरात पैसे हलवायला वाव मिळाला असता. म्हणून तयारी अत्यंत गुप्तपणे झाली आणि ती गुप्तता टिकली.

म्हणजे ज्या आठवड्यात आपल्याच शहरात गोळ्या चालत होत्या आणि आपलेच पंतप्रधान आपल्या मतदारांना अमान्य असलेला निर्णय जाहीर करत होते, त्याच आठवड्यात देशमुख देशातल्या सर्वांत मोठ्या राष्ट्रीयीकरणांपैकी एक पार पाडत होते. ते उरकल्यावर याच महिन्यात त्यांनी नेहरूंकडे राजीनामा धाडला. नेहरूंनी तो लगेच स्वीकारला नाही, आणि अर्थसंकल्प तोंडावर होता. २९ फेब्रुवारीला देशमुखांनी तो मांडला. जूनमध्ये आयुर्विमा महामंडळाचा कायदाही झाला. इथे जुना सनदी अधिकारी दिसतो : जायचे आहे, पण टेबलावर काम अर्धे टाकून नाही. टीकाकार मात्र विचारू शकत होते, आणि विचारतही होते, की मग सहा महिने खुर्चीत का राहिलात?

राजीनाम्याचे खरे कारण कोणते?

३ जून १९५६ रोजी काँग्रेस महासमितीच्या मुंबईतल्या अधिवेशनाच्या वेळी नेहरूंनी जाहीर केले की मुंबई पाच वर्षे केंद्राकडे राहील, त्यानंतर तिथल्या लोकांना आपला निर्णय घेता येईल. जुलैत देशमुख मंत्रिमंडळाबाहेर पडले. लोकसभेत त्यांनी जे निवेदन केले ते आजही वाचण्यासारखे आहे.

त्यात मुंबई महाराष्ट्राची हा मुद्दा होताच. महाराष्ट्राबद्दल आकस असल्याचा आरोपही त्यांनी केला, आणि तो नेहरूंच्या जिव्हारी लागला. मुंबईतल्या गोळीबारांची न्यायालयीन चौकशी नाकारली गेली, हे त्यांना मान्य नव्हते. इतकी माणसे पोलिसांच्या गोळीने मरतात आणि सरकार साधी चौकशी करत नाही, हे जिल्ह्याचा कारभार केलेल्या माणसाला पटणे शक्यच नव्हते. तिथे एक गोळी सुटली तरी अहवाल लिहावा लागे.

पण निवेदनाचा कणा वेगळा होता. मुंबईबाबतचे निर्णय मंत्रिमंडळात नीट चर्चा होऊन झालेले नाहीत, पाच वर्षांची घोषणा तर मंत्रिमंडळाला न विचारताच झाली, असे त्यांचे म्हणणे होते. संसदीय पद्धतीत मंत्री सामूहिकपणे जबाबदार असतो. ज्या निर्णयात आपला सहभागच नाही त्याची जबाबदारी कशी घ्यायची? नेहरूंनी हे आरोप फेटाळले. विषय सहकाऱ्यांना माहीत होता, आणि पंतप्रधानाला धोरण जाहीर करण्याचा अधिकार आहे, अशी त्यांची भूमिका होती. दोघांचीही बाजू राज्यघटनेच्या चौकटीत मांडता येत होती. पंतप्रधान हा समानांमधला पहिला की सर्वांच्या वरचा, हा तो प्रश्न, आणि दिल्लीत त्याचे उत्तर दर दहा-पंधरा वर्षांनी बदलत आले आहे.

महाराष्ट्राने मात्र यातले पहिलेच उचलले. दिल्लीपुढे मान न झुकवणारा मराठी मंत्री, अशी त्यांची प्रतिमा सभांमधून झाली. ती चूक नव्हती, पण अर्धी होती.

त्यातून साध्य काय झाले?

ज्या योजनेवरून ते बाहेर पडले, ती केंद्रशासित मुंबईची योजना पुढच्या काही दिवसांतच गुंडाळली गेली. ऑगस्टमध्ये निरनिराळ्या पक्षांच्या खासदारांनी पुढाकार घेतला आणि लोकसभेने विदर्भ, मराठवाडा, सौराष्ट्र, कच्छ यांच्यासह विशाल द्विभाषिक मुंबई राज्य मान्य केले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी ते अस्तित्वात आले. एका राजीनाम्याने हे घडले असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. पण अर्थमंत्र्याने भर सभागृहात मांडलेल्या तक्रारीनंतर जुनी योजना तशीच रेटणे सरकारला अवघड झाले, हेही खरे.

द्विभाषिकाने आंदोलन थांबले नाही. १९५७ च्या निवडणुकीत संयुक्त महाराष्ट्र समितीने पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसला हादरा दिला. देशमुख त्या वेळी रिंगणात नव्हते. समिती त्यांचे नाव घेत होती, ते मात्र समितीच्या व्यासपीठावरचे पुढारी झाले नाहीत. लोकांनी खांद्यावर घ्यायची तयारी दाखवली असताना ते विद्यापीठ अनुदान आयोगाच्या कार्यालयात जाऊन बसले. १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र झाला तेव्हाही त्यांचा पत्ता दिल्लीचाच होता.

राजकारण सुटले का?

पूर्णपणे नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्षपद १९६१ पर्यंत, मग १९६२ ते १९६७ दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरुपद, इंडिया इंटरनॅशनल सेंटरची उभारणी, ही कामे त्यांनी केली. १९५९ मध्ये मॅगसेसे पुरस्कारही मिळाला. त्याच वर्षी मद्रासच्या एका व्याख्यानात त्यांनी सरकारातल्या भ्रष्टाचाराचा विषय काढला. नि:पक्ष न्यायाधिकरण नेमा, प्रकरणे मी देतो, असा त्यांचा प्रस्ताव होता. नेहरूंनी तो मानला नाही. लोकपालाची चर्चा पुढे अनेकदा झाली, तिच्या सुरुवातीच्या पानांवर ही नोंद आहे.

१९६९ मध्ये ते राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत उतरले. काँग्रेस फुटण्याच्या बेतात होती. एकीकडे संजीव रेड्डी, दुसरीकडे इंदिरा गांधींचा कौल असलेले व्ही. व्ही. गिरी, आणि स्वतंत्र पक्ष व जनसंघ यांचा पाठिंबा देशमुखांना. स्टेट बँक, विमा महामंडळ आणि इस्टेट ड्यूटी आणणारा माणूस सरकारी नियंत्रणाला विरोध करणाऱ्या स्वतंत्र पक्षाचा उमेदवार झाला, ही विसंगती तेव्हाही खटकली असणार. त्यांना पहिल्या पसंतीची १,१२,७६९ मूल्याची मते मिळाली, ते तिसरे आले. पहिल्या पसंतीत गिरींनाही स्पष्ट बहुमत नव्हते. दुसऱ्या पसंतीची मते मोजावी लागली आणि त्यांतली बरीचशी रेड्डींकडे गेली, तरी गिरी थोडक्यात निवडून आले.

या सगळ्यात संस्कृत सुटले नव्हते. मेघदूताचा मराठी अनुवाद त्यांनी गव्हर्नर असतानाच्या काळात केला होता. गांधीजींच्या वचनांना संस्कृत पद्यरूप दिले, स्वतःच्या संस्कृत कविताही प्रसिद्ध केल्या. १९७४ मध्ये इंग्रजीत आत्मचरित्र आले. पुढच्या वर्षी पती-पत्नी दोघांनाही पद्मविभूषण मिळाले. दुर्गाबाईंचे १९८१ मध्ये निधन झाले. २ ऑक्टोबर १९८२ रोजी हैदराबादला देशमुख गेले. त्यांचा कुलाबा जिल्हा तोवर रायगड झाला होता. ठाणे महापालिकेची त्यांच्या नावाची एक प्रशिक्षण संस्था आहे. मराठी मुले तिथे केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेची तयारी करतात.